‘इथे हेच मिळणार’ची हाफ प्लेट

नूडल्स बिघडल्या तर आपण काय करतो? मुकाट्याने संपवतो, बाहेर येऊन चायनीजला नावं ठेवतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच जातो. खिशात पैसे कमी असले तरी चांगलं मागायचा हक्क आपल्यालाही आहे. तो वापरायचा कधी?

दुपारचा दीड वाजतो, लेक्चर संपतं आणि ग्रुपवर एकच प्रश्न येतो, ‘काय खायचं?’ कुणाला डोसा हवा असतो, कुणाचा उपास असतो, कुणाकडे महिनाअखेरचे साठ रुपये उरलेले असतात. पाच मिनिटं चर्चा होते आणि शेवटी गाडी चायनीजवर येऊन थांबते. कारणंही पटण्यासारखीच असतात. हाफ प्लेट दोघांत पुरते. व्हेज, नॉनव्हेज, जैन सगळ्यांचं एकाच टेबलावर भागतं. वडापावपेक्षा थोडं जास्त ‘बाहेर जेवल्यासारखं’ वाटतं. वाढदिवसाची पार्टी असो नाहीतर केटी सुटल्याचा आनंद, आपल्या पिढीचं सेलिब्रेशन लाल रंगाच्या ग्रेव्हीतच झालेलं आहे.

परवा आम्ही चौघं आचोळे रोडला असंच एका ठिकाणी शिरलो. नाव सांगत नाही, कारण नावाने फरक पडत नाही. चार टेबलं, एक पंखा, काचेवर ड्रॅगनचं स्टिकर आणि शंभराच्या वर पदार्थांचं मेन्यूकार्ड. असं ठिकाण तुमच्याही कॉलेजच्या कोपऱ्यावर असणारच. चार हाफ प्लेट व्हेज हाक्का नूडल्स सांगितल्या. ऐंशी रुपयांना एक. दोन मिनिटांत चारही प्लेटा टेबलावर!

काटा घातला तर अख्खा गोळाच वर आला. बाहेरून तेलकट, आतून गार. कोबी कच्चा, गाजर शोभेपुरतं, सोया सॉस काही ठिकाणी काळाकुट्ट आणि काही ठिकाणी गायब. प्लेटच्या तळाशी तेल साठलेलं. वर व्हिनेगरचा असा वास की डोळ्यांत पाणी.

एक मैत्रीण म्हणाली, ‘जाऊ दे ना यार, इथे हेच मिळणार.’ दुसरा म्हणाला, ‘चायनीज असंच असतं, सॉस घाल आणि खा.’ आमच्यातला तिसरा मात्र उठला आणि प्लेट घेऊन काउंटरवर गेला. मालकाचं उत्तर तयार होतं, ‘अस्सी रुपये में और क्या चाहिए भाई?’ आमचा मित्र भांडला नाही. तो म्हणाला, ‘दादा, पैसे परत नकोत. तुम्हीच हात लावून बघा, आतून गार आहे. एकच प्लेट नीट करून द्या.’ मालकाने हात लावला, तोंड वाकडं केलं आणि आत आवाज दिला.

आतल्या मुलाने नूडल्सचा नवा पुडा फोडला. दहा मिनिटं लागली. जी प्लेट आली ती खरोखर चांगली होती. सुटी सुटी, गरम, भाजी करकरीत, धुराचा हलका वास. तोच माणूस, तीच कढई, तेच सॉस, तेच ऐंशी रुपये! म्हणजे त्या मुलाला येत होतं. आधीच्या चार प्लेटांमध्ये त्याने ते केलं नव्हतं, कारण तसं करायची कुणाला गरजच वाटत नव्हती. मालकाला नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे.

अस्सल नाही, ही तक्रार नाहीच

चायनीज बिघडलं की कुणीतरी रील बघून शहाणा झालेला लगेच म्हणतो, ‘हे खरं चायनीज नाहीच.’ बरोबर आहे, नाहीच. पण त्यात वाईट काय?

हाक्का हे मुळात पदार्थाचं नाव नाही, माणसांचं आहे. दक्षिण चीनमधला हा एक समाज. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळ चिनी वस्ती सुरू झाली आणि पुढे तिथे आलेल्या हाक्का कुटुंबांनी टांगरा भागात चामडं कमावण्याचे कारखाने काढले, मग खानावळी काढल्या. त्यांनी इथल्या जिभेला झेपेल असं जे रांधलं, त्यातून ‘आपलं’ चायनीज सुरू झालं. १९६२च्या युद्धानंतर याच समाजातल्या जवळपास तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबण्यात आलं होतं. अनेक कुटुंबं नंतर देश सोडून गेली. आज कॅनडातल्या टोरांटोमध्ये ‘हाक्का चायनीज’ची हॉटेलं आहेत आणि त्यांच्या मेन्यूवर चिली चिकन असतं. आपण ज्या प्लेटला दोन मिनिटांत नावं ठेवतो, तिच्यामागे एवढा प्रवास आहे.

मंच्युरियन तर आपल्या मुंबईचंच. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश, पण तिथे जाऊन मंच्युरियन मागितलंत तर कुणाला काही कळणार नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकनचे तुकडे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळले. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉसमध्ये टाकले आणि हा पदार्थ जन्माला आला, असं सांगतात. पुढे कोबी, पनीर आणि शेवटी चायनीज भेळ! ती तर आपल्या गाड्यांवरच तयार झाली.

शेजवान म्हणजे सिचुआन. त्या प्रांताची ओळख असलेल्या, जीभ बधिर करणाऱ्या मिरीचा आपल्या शेजवान चटणीत पत्ताच नसतो. गंमत म्हणजे त्याच मिरीची चुलत बहीण आपल्या घरात आहे. बांगड्याच्या कालवणात पडणारं तिरफळ त्याच कुळातलं. आणि चटणीतली लाल मिरची? ती पोर्तुगिजांबरोबर भारतात आली, ज्यांचा किल्ला आपल्या वसईत उभा आहे. सोपारा दोन हजार वर्षांपूर्वी बंदर होतं. बाहेरून आलेलं पचवून आपलं करणं या पट्ट्याला नवीन नाही. त्यामुळे ‘अस्सल नाही’ म्हणून नाक मुरडण्याचं काही कारण नाही. आपलं चायनीज हा स्वतंत्र पदार्थ आहे. आणि स्वतंत्र पदार्थ आहे म्हणूनच तो चांगला केलाय की वाईट, हे विचारायला हवं.

मग तक्रार कशाची?

कामचुकारपणाची.

हाक्का नूडल्स करायला महागडं सामान लागत नाही. नूडल्स उकळताना किंचित कच्च्या असतानाच उतरवायच्या, लगेच गार पाण्याखाली धुवायच्या, निथळून तेलाचा हात लावायचा. कढई धूर येईपर्यंत तापवायची. आधी लसूण, मग भाजी, मग नूडल्स आणि सगळ्यात शेवटी सॉस. एका वेळी एक-दोन प्लेटाच टाकायच्या. कारण कढईत चार-पाच प्लेटांचा माल एकदम पडला की कढई गार होते, भाजीला पाणी सुटतं आणि नूडल्स परतल्या जाण्याऐवजी वाफेवर शिजत बसतात. मग चव आणायला सॉस वाढतो, सॉसचा खारटपणा लपवायला व्हिनेगर वाढतं. आमच्या प्लेटेत झालं ते हेच.

त्यात दुपारची वेळ. चायनीजचा खरा धंदा संध्याकाळी सातनंतरचा. दुपारी गिऱ्हाईक तुरळक असतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी सकाळी एकदाच ढीगभर उकळून ठेवतात आणि ऑर्डर आली की गरम केल्यासारखं करून देतात. फ्राइड राइसला फ्रिजमधला शिळा भात चालतो, उलट तो जास्त सुटा होतो. नूडल्सचं तसं नाही. त्या टोपात पडून राहिल्या की एकमेकींना धरून बसतात.

हा नुसता चवीचा प्रश्न आहे असंही समजू नका. शिजवलेला भात किंवा नूडल्स तासन्‌तास उघड्यावर राहिल्या तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जीवाणू वाढू शकतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा परतूनही जात नाही. ‘गरम केलंय ना, मग काय होतंय’ हे इथे चालत नाही. उकाड्याच्या दिवसांत तर अजिबात नाही.

वड्याला एक न्याय, नूडल्सला दुसरा

आता एक प्रश्न. वडा गार असला तर तुम्ही काय करता? ‘काका, गरम काढताय का? थांबतो मी.’ बरोबर? मिसळीचा कट पातळ असला तर सांगता. पाणीपुरीवाल्याला तर ‘भैया, तिखा कम, मीठा जादा’ अशा सहा सूचना देता. तिथे पंधरा-वीस रुपयांतही आपल्याला हक्काने बोलता येतं. मग ऐंशी रुपयांच्या नूडल्सवर तोंड का उघडत नाही?

मला वाटतं, कारण आपल्याकडे मोजमापच नाही. वडा कसा असावा, हे आपल्याला माहीत आहे. आमटी बिघडली की पहिल्या घासाला कळतं, कारण रोज घरी खातो. हाक्का नूडल्स घरी कुणी लहानपणापासून रांधून घातलेल्या नसतात. आपलं माप काय? दोन मिनिटांची मॅगी आणि लग्नातल्या काउंटरवरच्या लालभडक नूडल्स. त्यामुळे लाल म्हणजे चांगलं, तिखट म्हणजे चांगलं, भरपूर म्हणजे खूपच चांगलं. ‘क्वांटिटी भारी आहे रे’ हे आपल्याकडे चायनीजचं सर्वांत मोठं कौतुक आहे. मालकालाही ते ठाऊक असतं. म्हणून तो ढीग वाढतो आणि आपण ढिगावर खूश.

राग प्लेटवर काढा, माणसांवर नको

याची दुसरी बाजूही आहे. जिथे बोलायला हवं तिथे आपण गप्प बसतो आणि बाहेर आल्यावर भलतंच बोलतो. ‘काय माहीत कशाचं मांस घालतात’, ‘हे लोक असंच करतात’, ‘अजिनोमोटोने माणूस मरतो’. कढईवरचा मुलगा नेपाळचा, दार्जिलिंगचा किंवा ईशान्येकडचा असेल तर त्याच्या डोळ्यांवरून विनोद. तो मुलगा दुपारी चाळीस अंशांत भट्टीसमोर उभा असतो, बहुतेकदा आपल्याच वयाचा असतो आणि सॉस कुठला आणायचा, नूडल्स कधी उकळायच्या हे तो ठरवत नाही. मालक ठरवतो.

अजिनोमोटोचंच घ्या. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळातून ही चव वेगळी काढली. टोमॅटोत आणि चीजमध्येही ग्लुटामेट नैसर्गिकपणे असतंच. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं की चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला मुंग्या येतात. त्यातून ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’ असं नावच पडलं. नंतरच्या अभ्यासांत नेहमीच्या प्रमाणातल्या अजिनोमोटोचा असा ठोस दोष सिद्ध झाला नाही, पण बदनामी चिकटली ती चिकटलीच. आणि गंमत बघा, जे चिप्सचं पाकीट आपण निवांत संपवतो, त्याच्या मागे हीच चव वाढवणारे पदार्थ लिहिलेले असतात.

ढोबळ राग आणि नेमकी तक्रार यात काय फरक पडतो, हे २०२४ मध्ये दोन शेजारी राज्यांत दिसलं. गोव्यात म्हापसा नगरपरिषदेने जत्रेतल्या आणि शहरातल्या स्टॉलवर गोबी मंच्युरियनच बंद करायचं ठरवलं. कारण दिलं कृत्रिम रंगाचं आणि अस्वच्छतेचं. कारण योग्यच होतं, पण शिक्षा पदार्थाला झाली. जो स्टॉलवाला रंग घालत नव्हता, त्याचाही धंदा गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियनचे नमुने तपासले, त्यात आरोग्याला घातक रंग सापडले. तिथे बंदी आली ती कृत्रिम रंगावर. गोबी मंच्युरियन विका, पण रंग नको. मला दुसरा रस्ता पटतो. नेमका दोष सांगितला तर सुधारायला वाव राहतो. सरसकट ‘चायनीज वाईट’ म्हटलं की चांगलं करणारा आणि वाईट करणारा एकाच टोपात जातात. मग चांगलं करायचं कशाला, असं कुणालाही वाटेल.

‘इथे हेच मिळणार’

आता मैत्रिणीच्या त्या वाक्याकडे येतो, कारण नूडल्सपेक्षा मला ते वाक्य जास्त टोचलं.

वसई-विरारच्या मुलांना हे वाक्य पाठ असतं. सकाळी नालासोपाऱ्याला लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही? इथे हेच. पावसाळ्यात आचोळे रोडला गुडघाभर पाणी? इथे हेच. महापालिका होऊन २००९ पासूनची वर्षं मोजा, पाण्याच्या टँकरची सवय अजून सुटलेली नाही. चांगलं काही हवं असेल तर बोरिवली, अंधेरी गाठायची आणि परत येताना म्हणायचं, ‘आपल्याकडे असं काही नाही बाबा.’

याच आचोळ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. बांधणारे बांधून मोकळे झाले, रस्त्यावर आली ती परवडणारं घर शोधत आलेली कुटुंबं. प्लेटभर नूडल्सची आणि घराची तुलना होऊ शकत नाही, हे मलाही कळतं. पण विकणाऱ्याचा हिशोब दोन्हीकडे एकच असतो. ज्याच्याकडे पैसे कमी, तो प्रश्नही कमी विचारणार. ‘अस्सी रुपये में और क्या चाहिए’ या वाक्याचा अर्थ तोच आहे.

तर त्या वाक्याला उत्तर द्यायची सवय कुठेतरी लावून घ्यायला हवी. रेल्वेशी आणि महापालिकेशी भांडायला वेळ लागतो, संघटना लागते. नूडल्सच्या काउंटरवर मात्र फक्त उठून चार पावलं जायचं असतं. सरावासाठी यापेक्षा सोपी जागा कुठली मिळणार?

काही जण म्हणतील, गरीब धंदेवाल्याच्या मागे कशाला लागता? सिलिंडर महाग, भाडं महाग, तेल महाग. सगळं खरं आहे. म्हणूनच मी पैसे परत मागा म्हणत नाही. नव्वद रुपये घ्या, शंभर पदार्थांऐवजी वीस ठेवा, दुपारी फक्त चारच गोष्टी द्या, पण त्या नीट द्या. गरम कढई आणि धुतलेल्या नूडल्स यांना जास्तीचा खर्च येत नाही, लक्ष द्यावं लागतं. आणि आचोळ्यात, तुळिंजला, वसईत असेही गाडीवाले आहेतच जे त्याच पैशांत एकेक प्लेट मन लावून परततात. वाईट प्लेट गपचूप संपवणारं गिऱ्हाईक मुळात त्यांचं नुकसान करतं.

सांगायचं कसं?

• पहिल्या दोन घासांत सांगा. प्लेट चाटूनपुसून तक्रार केली तर कुणीच ऐकणार नाही.

• नेमकं सांगा. ‘बकवास आहे’ म्हणू नका. ‘आतून गार आहे’, ‘गोळा झालाय’, ‘फार खारट आहे’ असं म्हणा. त्यावर काहीतरी करता येतं.

• आवाज चढवू नका. कढईवरच्या मुलावर तर नाहीच. बोलायचं ते काउंटरवरच्या माणसाशी.

• ऑर्डर देतानाच विचारा, ‘नूडल्स आता उकळणार की तयार आहेत? थांबायला तयार आहोत.’ रंग नको असेल तर तेही तेव्हाच सांगा.

• बिलावर किंवा भिंतीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी नोंदणी क्रमांक बघा. छोट्या गाडीलाही नोंदणी लागते आणि १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावर छापणं बंधनकारक आहे. आंबलेलं, किडलेलं काही निघालं, कुणी आजारी पडलं, तर ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार करता येते. ग्राहक म्हणून फसवणूक झाली असेल तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. पण गार नूडल्ससाठी तिथे फोन करू नका. त्याला काउंटर पुरेसा आहे.

• रिव्ह्यू लिहाच, पण एक स्टार आणि तीन शिव्या असा नको. काय मागवलं, किती वाजता, काय बिघडलं, सांगितल्यावर त्यांनी काय केलं, हे चार ओळींत लिहा. मालकालाही उपयोग होतो, पुढच्या गिऱ्हाइकालाही.

• आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. प्लेट चांगली निघाली तर आत डोकावून त्या मुलाला सांगा, ‘भाई, मस्त बनाया.’ त्याला हे सहसा कुणी सांगत नाही.